बांडें मांजर

मराठींत शेंपूट नसलेल्या किंवा आंखूड शेंपटाच्या जनावरासाठीं ‘बांडें’ असा एक स्वतंत्र शब्द आहे. बांडा बैल, बांडें कुत्रें, बांडी भाटी असे प्रयोग आपल्या घरांतून सहज ऐकूं येतात. ज्या गोष्टीशीं नित्य गांठ पडते तिच्यासाठींच भाषा निराळा शब्द राखून ठेवते. तेव्हां अशीं जनावरें आपल्या पूर्वजांच्या अंगणांत वावरत असलीं पाहिजेत हें उघड आहे. परंतु हा शब्द जितका सोईचा तितकाच फसवा आहे. दारांत सांपडून ज्याचें शेंपूट तुटलें तें मांजर बांडें. जें उपजतच शेंपटावांचून आलें तेंहि बांडें. आणि ज्याच्या जातीला देवानें शेंपूटच आंखूड दिलें त्यालाहि आपण बांडेंच म्हणतों. हे तीन प्रकार एकाच शब्दाच्या पोटांत घातल्यामुळें गेल्या पौषांत माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगण्यासारखी आहे, आणि तिच्या निमित्तानें या शेंपटांविषयीं वाचनानें मला जें थोडेंबहुत ठाऊक झालें आहे तेंहि वाचकांपुढें ठेवतां येईल.

आमचें घर अंबाजोगाईस आहे. कोंकणस्थांतील अनेक घराण्यांची कुलस्वामिनी योगेश्वरी येथलीच, त्यामुळें वाचकांपैकीं पुष्कळांनीं हें गांव पाहिलेलें असेल. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाधींमुळें इतरांनाहि तें अपरिचित नाहीं. घर जुनें, माणसें चौदा, आणि पंधरावी आमची भाटी. मुलांनीं तिचें नांव सोनी ठेवलें आहे. चार वर्षांपूर्वीं वाऱ्याच्या झोतासरशी आमचा दिंडी दरवाजा धाडकन् लागला आणि सोनीचें शेंपूट त्यांत अडकलें. तिनें घाबरून असा कांहीं हिसडा दिला कीं शेंपूट मध्येंच चिरडलें आणि मुळाशींहि दुखावलें. अर्धें शेंपूट गेलें याचें आम्हांस फारसें कांहीं वाटलें नाहीं. शेंपटावांचून मांजराचें काय अडतें, असें मीच म्हणालों होतों. पण दुसऱ्या दिवसापासून तिला लघवी होईना. जनावरांच्या डॉक्टरांनीं तेव्हां समजावून सांगितलें कीं शेंपूट म्हणजे मागें लोंबणारी दोरी नव्हे. पाठीचा कणाच पुढें सुमारें वीस मणक्यांनीं वाढलेला असतो, आणि मूत्राशय व गुदद्वार यांच्याकडे जाणाऱ्या शिरा त्याच्या बुडाशींच फुटतात. शेंपूट जोरानें ओढलें गेलें म्हणजे या शिरा ताणून तुटतात, व कित्येक मांजरें त्यानेंच दगावतात. दिवसांतून दोन वेळां पोट दाबून तिला मोकळें करावें लागे. तें काम वहिनींनीं आठ दिवस केलें. सोनी वांचली. तेव्हांपासून आमच्या घरांतील कोणतेंहि मूल मांजराच्या शेंपटाला हात लावीत नाहीं. लहान मुलें असलेल्या प्रत्येक घरानें हें ध्यानांत ठेवावें एवढ्यासाठीं हा वृत्तांत जरा विस्तारानें दिला.

आतां मूळ गोष्टीकडे येतों. आमची थोडीशी जमीन केज तालुक्यांत मांजरेच्या कांठीं आहे. (ही नदी आमच्याच जिल्ह्यांत, पाटोदा तालुक्यांतील बालाघाटाच्या डोंगरांत उगम पावते आणि सुमारें ७२४ किलोमीटर वाहून गोदावरीस मिळते. तिचें नांव निघालें कीं मुलांना अजून हंसूं येतें.) जमीन बटईनें दिलेली असून तींत ऊस आहे. पौषांत त्या भागांत ऊसतोडणीचे फड चालूं असतात. बीड जिल्ह्यांतील लक्षावधि माणसें दसरा-दिवाळी आटोपली कीं कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत ऊस तोडावयास जातात हें सर्वांस ठाऊक आहे. कांहीं टोळ्या जवळपासच्या कारखान्यांसाठींहि तोड करतात, आणि आमच्या फडांत अशीच एक टोळी उतरली होती. एके दुपारीं अडीचच्या सुमारास आमचा बटईदार फटफटीवर एक पाटी बांधून आला. पाटींत गोणपाटावर मांजराचीं दोन पिल्लें होतीं, असतील तीन-चार आठवड्यांचीं.

“अण्णा, उसात घावली बघा,” तो म्हणाला. “तोडता तोडता पाचटात दिसली. आई काय जवळ नव्हती. अन् शेपटं बघा, दोन्ही बांडी! म्हटलं, तुमच्या घरी एक बांडी हायेच, त्यांना बी बरं.”

पिल्लांचीं शेंपटें खरोखरच आंखूड होतीं. माझ्या सहा वर्षांच्या नातीनें क्षणाचाहि विलंब न लावतां निकाल दिला, “आजोबा, हीं सोनीचींच बाळें! सोनीचें शेंपूट लहान, म्हणून यांचें लहान.” केज तालुक्यांतील उसाचा फड आणि आमची माजघरांतून न हलणारी सोनी यांची सांगड कशी घालावयाची याची तिला फिकीर नव्हती. पण तिच्या प्रश्नांत एक जुना आणि मोठा प्रश्न दडलेला होता, आणि असा प्रश्न समोर आला म्हणजे मला राहवत नाहीं. मीं पाटी ओसरीवर ठेवावयास सांगितली, मुलांना भोंवतीं बसविलें आणि व्याख्यानास प्रारंभ केला. या व्याख्यानाला किती वेळ लागला तें पुढें येईलच.

आईबापांच्या अंगावर झालेली इजा मुलांत उतरते काय, हा तो प्रश्न. गेल्याच्या मागच्या शतकांत पुष्कळ विद्वानांना ती उतरते असें वाटे. जर्मनींत फ्रायबुर्ग येथें आउगुस्ट वाइझमान या शास्त्रज्ञानें उंदरांचीं शेंपटें कापून त्यांची वीण वाढविण्याचा प्रयोग केला. पांच पिढ्यांत अशा शेंपटें कापलेल्या आईबापांना ९०१ पिल्लें झालीं. त्यांतील एकहि आंखूड शेंपटाचें निघालें नाहीं. खरें म्हणजे आपल्याला फ्रायबुर्गास जाण्याचें कारण नव्हतें. आपल्याकडे कर्णवेधाचा संस्कार शेंकडों पिढ्या चालूं आहे, पण कान टोंचलेलें मूल जन्माला आल्याचें कोणत्याहि सुइणीनें सांगितलें नाहीं. तेव्हां सोनीला पिल्लें झालीं असतीं तर त्यांचीं शेंपटें चांगलीं हातभर लांब झालीं असतीं, असें मीं नातीस सांगितलें. तिला तें पटलें नाहीं.

मग उपजत बांडीं मांजरें जगांत नाहींतच कीं काय? आहेत, आणि पुष्कळ आहेत. मात्र त्यांचीं माहेरें ठरलेलीं आहेत. पूर्वेकडे पहिलें माहेर ब्रह्मदेश. हा देश मराठी माणसाला दोन वाटांनीं जवळचा झाला. लोकमान्य टिळक १९०८ पासून १९१४ पर्यंत मंडालेच्या तुरुंगांत होते, व ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा रत्नागिरीस आणून ठेवला होता तो १९१६ सालीं तेथेंच वारला. पण त्या देशांतील मांजरांकडे आपलें लक्ष गेलें नाहीं. चार्ल्स डार्विनचें मात्र गेलें. पाळीव प्राणी व वनस्पती यांवरील १८६८ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें नोंदविलें आहे कीं मलाया द्वीपसमूह, सयाम, पेगू आणि ब्रह्मदेश एवढ्या विस्तीर्ण टापूंत मांजरांचीं शेंपटें नेहमींच्या निम्मीं असतात, आणि पुष्कळदां त्यांच्या टोंकाशीं एक गांठ असते. सयामांतील लोकांनीं या गांठीची कथाच रचली आहे. कोणी एक राजकन्या स्नानाला उतरतांना आपल्या अंगठ्या मांजराच्या शेंपटांत ओंवून ठेवी. त्या गळूं नयेत म्हणून मांजरानें शेंपटाला पीळ घातला तो कायमचाच. कथा गोड आहे, परंतु वाइझमानपुढें टिकत नाहीं.

खरें कारण अगदीं अलीकडे, २०१६ सालीं, हातीं लागलें. गर्भांत कण्याचे मणके एकदम तयार होत नाहींत. माळेंत एकामागून एक मणी ओंवावेत तसे ते ठराविक तालानें बनत जातात. हा ताल धरणाऱ्या जनुकांपैकीं एकास शास्त्रज्ञ ‘हेस-७’ म्हणतात. आशियांतील बांड्या मांजरांमध्यें या जनुकांत एका अक्षराचा बदल झालेला आढळला. त्यामुळें ताल शेवटीं शेवटीं चुकतो, मणके अर्धवट किंवा वेडेवांकडे होतात, आणि शेंपूट आंखूड व गांठाळ होऊन बसतें. जपानांतील प्रसिद्ध बांड्या मांजरांतहि हाच बदल आहे. दुकानाच्या दर्शनीं एक पंजा उंच करून बसलेली जपानी मांजराची मूर्ति पुष्कळांनीं पाहिली असेल. तिला पाठीमागून पाहिलें तर शेंपटाच्या जागीं बहुधा एक गोंडा दिसतो. जपानांत लांब शेंपटाविषयीं लोकांना भीति होती. मांजर म्हातारें झालें कीं त्याचें शेंपूट दुभंगतें आणि तें पिशाच्च होतें अशी समजूत असल्यामुळें आंखूड शेंपटाचें मांजर घरांत ठेवणें बरें, असें गृहिणींना वाटे. १६०२ सालीं क्योतो शहरांत उंदरांचा सुळसुळाट झाला तेव्हां पाळीव मांजरें बांधून न ठेवतां मोकळीं सोडावींत असा हुकूम निघाला, आणि बड्यांच्या घरचीं हीं मांजरें रस्त्यावर येऊन सर्वत्र पसरलीं. या जपानी बांड्या मांजरांना शेंपटामुळें कांहीं दुखणेंबाणें होत नाहीं, हें विशेष लक्षांत ठेवावें.

कारण दुसऱ्या माहेरची हकीकत तशी नाहीं. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रांत मॅन नांवाचें एक लहानसें बेट आहे. तेथील मांजरांना कित्येकदां शेंपूट मुळींच नसतें. पाठ संपते तेथें नुसता खळगा असतो. त्या बेटावरील लोक सांगतात कीं प्रलयाच्या वेळीं नोहाच्या तारवांत शिरणारें शेवटचें जनावर मांजर होतें, आणि नोहानें दार लावतांना त्याचें शेंपूट सांपडलें. (येथें माझ्या नातीनें आमच्या दिंडी दरवाजाकडे बोट दाखविलें.) या मांजरांतील दोष निराळ्या जनुकांत आहे, २०१३ सालीं त्याचा उलगडा झाला. त्या जनुकाचें नांवच ग्रीक भाषेंत ‘आंखूड शेंपूट’ या अर्थाचें आहे, कारण तो प्रथम १९२७ सालीं उंदरांत ओळखला गेला. हा जनुक केवळ शेंपटापुरता नाहीं. गर्भाचा सगळा पाठकणा त्याच्या आधारानें घडतो. आईकडून एक आणि बापाकडून एक अशीं दोन्ही सदोष जनुकें ज्या गर्भाला मिळतात तो गर्भ उदरांतच मरतो. म्हणून बांडा बोका आणि बांडी भाटी यांचें जोडपें जुळविलें तर सरासरीनें चौथा हिस्सा गर्भ जन्मच पाहत नाहीं. एकच सदोष जनुक मिळालेलीं पिल्लें जगतात, परंतु त्यांतील कांहींच्या बाबतींत कणा एवढा तोकडा पडतो कीं मागचे पाय नीट चालत नाहींत आणि मलमूत्रावर ताबा राहत नाहीं; सोनीला अपघातानें आठ दिवस जें भोगावें लागलें तें त्यांना जन्मभर भोगावें लागतें. आणि तरीहि, केवळ दिसावयास मौजेचें म्हणून युरोप-अमेरिकेंतील हौशी लोक या मांजरांची वंशावळ राखून वीण करतात. भर्तृहरीनें साहित्य-संगीताची गोडी नसलेल्या मनुष्याला शेंपूट व शिंगें नसलेला पशु म्हटलें आहे. शेंपटासाठीं गर्भ मारणाऱ्या रसिकतेला त्यानें काय म्हटलें असतें, कोण जाणे!

असें मी बोलत होतों, आणि मनांत एक निराळाच मनोरा उभा राहत होता. आमच्या पाटींतलीं पिल्लें जर उपजत बांडीं असतील तर मांजरेच्या कांठीं बांड्या मांजरांचा एक वंश नांदत आहे असें ठरेल! पिल्लांच्या शेंपटाला गांठ आहे काय हें मीं चष्मा लावून पाहिलें. गांठ नव्हती. तेव्हां मॅन बेटाचा प्रकार असावा असें मीं ठरविलें, आणि यांवर एखादें टिपण लिहावें, छायाचित्रें घ्यावींत, असें बेत करूं लागलों. तोंपर्यंत पांच वाजून गेले होते. वहिनी दोनदां येऊन गेल्या होत्या. त्यांनीं कापसाच्या वातीनें पिल्लांना गाईचें दूध पाजलें होतें. तिसऱ्या खेपेस त्या म्हणाल्या, “भाऊजी, हीं थरथरत आहेत. तुमचें होऊं द्या सावकाश, पण यांची आई तिकडे उसांत हिंडत असेल हो. ओल्या बाळंतिणीचें दूध तटतटत असेल.” मी “हो, हो” म्हणालों.

सहाच्या सुमारास धाकट्या सूनबाई आल्या. त्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकवितात. त्यांनीं हातपाय धुतले, पाटीशीं वांकून पाहिलें, एका पिल्लाचा कान हलकेच वर केला, पाय मोजल्यासारखे न्याहाळले, आणि म्हणाल्या, “मामंजी, हीं बांडीं नव्हेत. यांचें शेंपूट पुरतें आहे.”

मीं विचारलें, “म्हणजे?”

“हें घरचें मांजर नव्हेच. हीं रानमांजराचीं पिल्लें आहेत. त्यांचें शेंपूट एवढेंच असतें.”

मीं मॅन बेट आणि मंडाले फिरून आलों होतों, परंतु माझ्याच उसांत काय राहतें याची मला खबर नव्हती! रानमांजराला कोठें कोठें बाऊल असेंहि म्हणतात. तें घरच्या मांजराहून थोराड असतें. पाय लांब, अंग वाळलेल्या गवताच्या रंगाचें, मोठेपणीं त्यावर ठिपके किंवा पट्टे जवळ जवळ नसतात. कान उभे, टोंकदार, आणि टोंकांवर काळ्या केंसांचा बारीकसा झुबका. शेंपूट धडाच्या सुमारें एक तृतीयांश, मागच्या गुडघ्याच्या सांध्यापर्यंत पोहोंचेल एवढेंच. त्यावर शेवटीं शेवटीं काळीं कडीं आणि टोंक काळें. लहानपणीं अंगावर फिकट पट्टे असतात, त्यामुळें तीं साध्या मांजरासारखीं दिसतात आणि माझ्यासारखे फसतात. मिसर देशापासून हिंदुस्थान ओलांडून थेट चीनपर्यंत हें जनावर आढळतें. मिसरांतील प्राचीन लोकांनीं मसाला भरून पुरलेल्या मांजरांतहि कांहीं रानमांजरें निघालीं आहेत. झाडांवर चढण्यापेक्षां लव्हाळ्यांत, गवतांत, शेतांत जमिनीवरच त्याचा संसार. नदीकांठची वेतबनें आणि गवताळ कुरणें जाऊन त्यांच्या जागीं ऊस आला, तेव्हां त्यानें उसालाच बन मानलें. तेथें आडोसा मिळतो, पाणी मिळतें, आणि उंदीर तर हवे तितके मिळतात. राजस्थानांतील सरिस्का येथें अभ्यास करणाऱ्यांनीं काढलेल्या अनुमानाप्रमाणें एक रानमांजर दिवसाकाठीं तीन ते पांच उंदीर खातें. तीनच धरले तरी वर्षाला १,०९५ होतात. उंदरांनीं कुरतडलेल्या उसाबद्दल मी दरवर्षीं बटईदाराशीं हुज्जत घालतों, हें येथें कबूल केलें पाहिजे.

सूनबाई पुढें म्हणाल्या कीं भाटीनें पिल्लें टाकलेलीं नाहींत. ती दिवसा शिकारीस किंवा आडोशाला जाते. माणसांचा गलबला ऐकून दूर राहते. पण अंधार पडला कीं पिल्लें ठेवलेल्या जागीं परत येते. जुन्नर-नाशिककडे उसांत अशीं रानमांजराचीं आणि बिबट्याचींहि पिल्लें सांपडतात, तेव्हां वनखात्याचे लोक व प्राणिवैद्य तीं तपासून त्याच संध्याकाळीं त्याच जागीं नेऊन ठेवतात आणि आया येऊन त्यांना घेऊन जातात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणें हें जनावर घरीं ठेवणें हा अपराध आहे. त्यांनीं तेथल्या तेथें १९२६ या क्रमांकावर वनखात्यास दूरध्वनि केला. पलीकडून सांगण्यांत आलें कीं गाईचें दूध पाजूं नका, घरच्या मांजराजवळ नेऊं नका, एकाचा रोग दुसऱ्यास लागतो. आणि जमेल तर आजच रात्रीं पिल्लें फडांत पोहोंचवा, आमचा माणूस तेथें येईल.

बाहेर थंडी मी म्हणत होती. केजचा रस्ता रात्रीचा, फडांत जावयाचें म्हणजे काळोख, साप-किरडूं. मीं म्हटलें, “आतां नको. एवढ्याशा जीवांना थंडींत उघड्यावर टाकावयाचें? उद्यां सकाळीं पाहूं.” सूनबाईंनीं एकदां सांगून पाहिलें, मग दुसऱ्यांदां सांगितलें. तिसऱ्यांदां त्या बोलल्या नाहींत. वडील माणसाचा शब्द पडूं द्यावयाचा नाहीं ही आमच्या घरची रीत. ती मीं स्वतःच पाळून पाळवून घेतलेली आहे. आणि खरें सांगावयाचें तर, सकाळच्या उजेडांत छायाचित्रें नीट निघतील हाहि विचार माझ्या मनांत होताच.

पहांटे वहिनींनीं मला उठविलें. एक पिल्लूं गेलें होतें. दूध पचलें नव्हतें. रात्रभर त्याला ढाळ होत होते. त्या दोघींनीं पाटी चुलीच्या उबेला ठेवून जागरण केलें होतें, आणि मला उठविलें नव्हतें. गाईच्या दुधांतील साखर मांजराच्या पिल्लांना पचत नाहीं, हें मीं नंतर वाचलें. सूनबाईंना तें आधीं ठाऊक होतें. पण त्या येण्यापूर्वींच दूध पोटांत गेलें होतें. वहिनींना मीं कांहीं म्हटलें नाहीं. त्यांनीं जें हाताशीं होतें तें प्रेमानें दिलें. तीन तासांत पिल्लें उसांत परत गेलीं असतीं तर दूध पाजण्याची वेळच आली नसती.

दुसरें पिल्लूं घेऊन आम्ही दुपारीं फडावर पोहोंचलों. वनखात्याचा मनुष्य तेथें होताच; बरोबर आलेल्या डॉक्टरांनीं पिल्लूं तपासून तें धडधाकट असल्याचें सांगितलें. अडचण वेगळीच होती. टोळीनें अर्ध्याहून अधिक फड उभा तोडला होता. ज्या जागीं पिल्लें सांपडलीं ती आतां उघडी पडली होती, आणि तिच्या लगतचा पट्टा संध्याकाळपर्यंत तोडून व्हावयाचा होता, कारण कारखान्याची गाडी यावयाची होती. तोडणीची मजुरी टनावर. एक पट्टा ठेवला म्हणजे तेवढ्या कोयत्यांची दिवसाची कमाई बुडाली. मुकादमाचें तोंड वांकडें झालें. त्याचें चूक आहे असें मला वाटलें नाहीं. मी पैशांचें बोलूं लागलों तेवढ्यांत मोळी बांधणारी एक बाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मुकादमाला म्हणाली, “ऱ्हाऊ द्या की एक रात. आमची लेकरं बी पाचटातच निजवतो आम्ही. तिला येऊन नेऊ द्या.” तिच्या मागें बांधावर खरोखरच एक तान्हें मूल उसाच्या पाल्याच्या सावलींत निजलेलें होतें. तो पट्टा तसाच राहिला. बुडालेली मजुरी मीं दिली. परंतु ती देण्याचें ठरण्याच्या आधींच त्या लोकांनीं कोयते खालीं ठेवले होते, हें नमूद करावयास हवें.

फळांच्या एका उघड्या खोक्यांत तेंच गोणपाट अंथरून पिल्लूं मूळ जागीं ठेवलें. वनखात्याच्या माणसानें रात्रीं दिसणारा एक कॅमेरा खुंटीला बांधला, आणि आम्ही सर्वजण दूर विहिरीवरच्या खोलींत जाऊन बसलों. सात वाजले, आठ वाजले. पिल्लाचें ओरडणें मध्यें मध्यें ऐकूं येई. नऊच्या पुढें तें थांबलें. कोणीं उठूं नये असें बजावलेलें असल्यामुळें थांबण्याचा अर्थ काय तें पहांटेपर्यंत आम्हांस कळलें नाहीं.

सकाळीं खोकें रिकामें होतें. कॅमेऱ्यांतील चित्रें सूनबाईंनीं व मीं तेथेंच पाहिलीं. नऊ वाजून सात मिनिटांनीं भाटी उसाच्या पट्ट्यांतून बाहेर येते, थबकते, खोक्याभोंवतीं मोठा फेरा घालते, आंत जाते, पुन्हां बाहेर येते. मग खोक्यांत मान घालून पिल्लाला मानेशीं धरते आणि उचलून निघते. पिल्लूं पाय पोटाशीं घेऊन अगदीं निमूट लोंबत असतें. रामानुजीय संप्रदायांतील तेंगलै पंथानें शरणागतीला मांजराच्या पिल्लाचा दृष्टान्त दिला आहे: माकडाच्या पोरानें आईला धरावयाचें असतें, मांजराच्या पोराला आईच धरते. हा दृष्टान्त मीं प्रवचनांतून अनेकदां सांगितला आहे, पण पाहिला तो त्या दिवशीं. भाटी वळली तेव्हां तिचें शेंपूट स्पष्ट दिसलें: आंखूड, ताठ, दोन काळीं कडीं, टोंक काळें. त्या अंगाला तें कमी पडत होतें असें म्हणवेना.

पुढें आणखी दोन चित्रें होतीं. नऊ वाजून चाळीस मिनिटांनीं ती परत आली आणि रिकाम्या खोक्यांत बराच वेळ हुंगत राहिली. रात्रीं दीडला पुन्हां आली.

घरीं गेल्यावर मुलांनीं कॅमेऱ्यासाठीं गराडा घातला. पिल्लूं नेतांनाचें चित्र मीं त्यांना दाखविलें. पुढचीं दोन दाखविलीं नाहींत. नातीनें विचारलें कीं दुसऱ्या बाळाचें काय, तेव्हां तें तिला सूनबाईंनीं सांगितलें. सोनी ओसरीवर त्या पाटीच्या जागीं येऊन बसली होती.